औषध तयार आहे, पण पेशीत न्यायचं कसं?

सूक्ष्मकण | रविवार, सकाळी १०.२०

छोट्या काचेच्या बाटलीत निळसर झाक दिसली की माझा दिवस बरा जाणार, हे मला कळतं. ग्लासभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून ग्लास उजेडासमोर धरा, साधारण तशी झाक. ती दिसली म्हणजे कण झाले आणि बारीक झाले. द्राव ताकासारखा पांढरट दिसला तर कण मोठे झालेत, एकमेकांना चिकटलेत. यंत्रावर माप घेण्याआधी डोळेच सांगतात.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हेच काम करते, यंदाचं सहावं वर्ष. चरबीचे नॅनोकण बनवायचे, त्यांच्या पोटात आरएनए, म्हणजे पेशीला सूचना देणारा रेणू, भरायचा आणि तो पेशीच्या आत पोचून काही काम करतो का ते बघायचं. कोविडच्या लशींमुळे एमआरएनए हा शब्द घरोघरी गेला. तो ज्या कणात बसून जातो, त्या कणाबद्दल मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. माझं म्हणणं असं आहे की जनुकीय औषधांचं घोडं इतकी वर्षं अडलं ते औषधापाशी नाही, ते पोचवण्यापाशी. आणि आजही बरंचसं तिथेच अडलेलं आहे. म्हणून हा धागा.

आरएनए हा लांबलचक, ऋणभारित आणि फार नाजूक रेणू. त्याचे तुकडे करणारी विकरं रक्तात असतात, घामात असतात, आपल्या बोटांवरसुद्धा असतात. नुसता आरएनए शिरेत सोडला तर काही मिनिटांत त्याचा भुगा होतो. आमच्याकडे नवीन मुलं आली की पहिले पंधरा दिवस एकच धोशा: हातमोजे बदला, टेबल पुसा, उघड्या नळीवर वाकून बोलू नका. समजा आरएनए त्यातून वाचला, तरी पेशीचं आवरण तेलकट आणि तेही ऋणभारित. ते त्याला जवळ येऊ देत नाही.

विषाणू हेच काम युगानुयुगं करत आले आहेत, म्हणून सुरुवातीला त्यांनाच जुंपलं गेलं. १९९९ साली पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. जनुक वाहून नेणाऱ्या ॲडेनोव्हायरसला त्याच्या शरीराने इतका तीव्र प्रतिकार केला की एकामागून एक अवयव निकामी झाले. त्या धक्क्यातून हे क्षेत्र सावरायला कितीतरी वर्षं गेली. पुढे एएव्ही नावाचा सौम्य विषाणू आला. २०२१ मध्ये मुंबई-पुण्यातल्या बाळांच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी आपल्यापैकी अनेकांनी पैसे दिले असतील, त्या इंजेक्शनात हाच विषाणू होता. त्याने जीव वाचले आहेत, ते मी कमी लेखत नाही. पण त्याच्यात डीएनएच्या जेमतेम ४,७०० अक्षरांचा मजकूर मावतो, आणि एकदा दिला की शरीर त्याला ओळखून ठेवतं. दुसरा डोस सहसा देता येत नाही.

चरबीची वाट १९८७ मध्ये उघडली. फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी कायम धनभारित राहणारी एक चरबी बनवली. डीएनए तिला चिकटायचा आणि प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये सहज शिरायचा. शरीरात मात्र हीच चरबी रक्तातल्या दिसेल त्या गोष्टीला चिकटू लागली, शिवाय पेशींना विषारी ठरली. मग कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पीटर कलिस आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: रक्तात उदासीन राहील आणि आंबट जागी गेल्यावरच धनभारित होईल अशी चरबी बनवता येईल का? ती बनली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला मोठा शोध हाच.

आता कण कसा बनतो ते. चार पदार्थ लागतात. ही भार बदलणारी चरबी, कोलेस्टेरॉल, अंड्याच्या बलकात असतात त्या जातीचं एक फॉस्फोलिपिड, आणि पीईजी नावाची लांब साखळी जोडलेली थोडीशी चरबी, जी कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. याच कणांतून दिल्या जाणाऱ्या पॅटिसिरान या औषधात त्यांचं प्रमाण शंभर रेणूंमागे अनुक्रमे ५०, ३८.५, १० आणि १.५ असं आहे. चौघांना अल्कोहोलात विरघळवून एका सिरिंजमध्ये घ्यायचं. दुसऱ्या सिरिंजमध्ये आंबट पाणी, म्हणजे पीएच ४ चा सायट्रेट बफर, आणि त्यात आरएनए. एक भाग अल्कोहोल, तीन भाग पाणी. पंप दोन्ही द्राव एका पारदर्शक चिपमध्ये ढकलतो. तिच्यातली नाली केसाच्या दोन-तीन पट रुंद, आणि नालीच्या तळाशी माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा. त्या खाचांवरून जाताना दोन्ही प्रवाह एकमेकांत पिळले जातात. अल्कोहोल पातळ झालं की चरबीला विरघळून राहता येत नाही, आंबट पाण्याने ती धनभारित झालेली असते, समोर ऋणभारित आरएनए. दोघं एकमेकांना बिलगतात आणि काही मिलिसेकंदांत कण तयार. ८० ते १०० नॅनोमीटरचा. असे हजारभर कण ओळीने मांडले तर केसाची जाडी भरेल. मग ते बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून रात्रभर ७.४ पीएचच्या बफरमध्ये ठेवायचे, म्हणजे अल्कोहोल आणि आंबटपणा दोन्ही निघून जातात.

इथवरचं काम हातात असतं. खरी परीक्षा पुढे.

कण पेशीला टेकला की पेशी त्याला गिळते. पण गिळला म्हणजे आत आला असं नाही. पेशीचं आवरण आत वळतं, त्याची एक पिशवी होते आणि कण त्या पिशवीत अडकतो. तिला एंडोसोम म्हणतात. पिशवी हळूहळू आंबट होत जाते आणि शेवटी लायसोसोममध्ये मिसळते, जिथे सगळं पचवून टाकलं जातं. त्याआधी आरएनए पिशवीतून बाहेर पडला पाहिजे. इथे ती चरबी कामाला येते. पिशवी आंबट झाली की चरबी धनभारित होते आणि पिशवीच्या ऋणभारित भिंतीला धरते. तिचं डोकं लहान आणि शेपट्या फाकलेल्या, त्यामुळे तिच्या शेजारी भिंत सपाट राहूच शकत नाही. ती फाटते.

किती वेळा फाटते? २०१३ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या गटाने आरएनएला सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजले. पेशीने गिळलेल्या शंभरातले एक-दोन बाहेर पडले होते. उरलेले अठ्ठ्याण्णव पिशवीतच. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीवरून उठून गच्चीत जाऊन उभी राहिले होते. आम्ही इतकी मेहनत घेतो ती शंभरातल्या दोघांसाठी. आणि त्या दोघांच्या जोरावर औषध लागू पडतं, हेही तितकंच खरं.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

खडीसाखर | रविवार, दुपारी १२.०५

वाचनखूण साठवली. ताई, फार सुंदर उलगडून सांगितलंत. एकच विचारते: या कणांनी खरोखर बरं वाटलेला कुणी रुग्ण आहे का, की अजून सगळं उंदरांवरच चाललंय?

बखरवाला | रविवार, दुपारी १.३०

एंडोसोमचा परिच्छेद वाचताना मला सारखी आग्र्याहून सुटका आठवत होती. आग्र्यात जाणं अवघड नव्हतंच, आमंत्रणच होतं. कसोटी होती ती पहारा आवळत जाण्याआधी बाहेर पडण्याची. आणि बाहेर पडायला पेटारे लागले. इथे पेटारा स्वतःच भिंत फोडतो एवढाच फरक. तुलना चुकत असेल तर सांगा.

सूक्ष्मकण | रविवार, रात्री ९.१०

बखरवाला, तुलना चपखल आहे. पहारा आवळत जातो तसा पीएच खाली येत जातो, हे मी उद्या आमच्या मुलांना असंच सांगणार. एक भर घालते. फार लवकर फाटलं तरी पंचाईत. जी चरबी बाहेरच, रक्तातच धनभारित होते, ती वाटेतल्या पेशींचीच आवरणं फाडते. म्हणून नेमक्या कुठल्या पीएचला तिने रूप बदलायचं यावर सगळं अवलंबून. चांगल्या कणांमध्ये हा आकडा ६.२ ते ६.७ च्या आसपास येतो.

खडीसाखर, रुग्ण आहेत. पॅटिसिरानला अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये परवानगी मिळाली. एका आनुवंशिक आजारात यकृत ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन बिघडलेलं बनवतं, ते नसांमध्ये साठतं, हातपाय बधिर होत जातात. कणातला छोटा आरएनए यकृतात जाऊन ते प्रथिन बनणंच थांबवतो. चाचणीत त्याचं रक्तातलं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी उतरलं.

आणि २०२५ मधली फिलाडेल्फियाची एक गोष्ट. जन्मल्यावर काही दिवसांतच कळलं की बाळाच्या यकृतात अमोनिया निकामी करणारं एक विकर बनत नाही. किरण मुसुनुरु आणि रिबेका अहरेन्स-निकलस यांच्या गटाने त्या एका बाळाच्या जनुकातल्या एका चुकीच्या अक्षरासाठी दुरुस्तीचं औषध सुमारे सहा महिन्यांत बनवलं आणि याच चरबीच्या कणांतून दिलं. पहिला डोस फेब्रुवारीत, मग आणखी दोन. बाळाला जास्त प्रथिनं पचू लागली, जुनी औषधं कमी करता आली. तीन डोस देता आले कारण वाहन विषाणूचं नव्हतं. आधी छोटा डोस देऊन बघायचा आणि मग वाढवायचा, ही सोय एएव्हीमध्ये नाही.

जुना_फार्मासिस्ट | रविवार, रात्री १०.४५

नाशिकला चाळीस वर्षं दुकान चालवलं. आमचा प्रश्न साधा असतो: कुठे ठेवायचं? फायझरची लस उणे ७० अंशाला, मॉडर्नाची उणे २० ला, असं तेव्हा वाचलं होतं. इथे तालुक्याला दोन तास वीज गेली तर इन्सुलिन वाचवताना आमची धावपळ होते. मग हे औषध गावात कसं पोचणार?

सूक्ष्मकण | सोमवार, सकाळी ८.००

काका, अगदी मुद्द्याचा प्रश्न. कणातही पाणी असतं आणि पाणी आरएनएला हळूहळू तोडत राहतं. गोठवलं की ते थांबतं. पण गोठताना बर्फाचे स्फटिक कणांना दाबतात आणि ते एकमेकांत मिसळतात. म्हणून गोठवण्याआधी साखर घालायची, साधं सुक्रोज, ते कणांच्या मधे राहून त्यांना सांभाळतं.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडून एका तुकडीत ती घालायची राहिली. उणे ८० ला ठेवली, आठवड्याने काढली, वितळताना बाटली हातात धरून बघत होते. निळसर झाक नव्हतीच, तळाशी पांढरी साय जमली होती. ८५ नॅनोमीटरचे कण ३०० च्या वर गेले होते. तीन आठवड्यांचं काम गेलं. तेव्हापासून साखरेची बाटली बर्फाच्या डब्याशेजारी समोरच ठेवते.

दुसरा मार्ग म्हणजे पाणीच काढून टाकायचं, पावडर करायची. पुण्याच्या जिनोव्हाने तेच केलं. त्यांच्या जेमकोव्हॅक-१९ या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, ती साध्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशाला राहते. वर्षभराने ओमिक्रॉनसाठीची आली, ती सुईविना त्वचेत देतात. भारतासारख्या देशात हाच रस्ता योग्य, असं मला मनापासून वाटतं. उणे ७० ची साखळी प्रत्येक तालुक्यात उभी करत बसण्यापेक्षा औषधच तालुक्याला झेपेल असं बनवावं.

भीमथडी | सोमवार, सकाळी ११.२०

माहिती उत्तम, पण एक शंका स्पष्ट विचारतो, कुणी राग मानू नये. हे कण जर जनुकं दुरुस्त करू शकतात, तर लशीनेही आमच्या डीएनएत काहीतरी बदललं असेल की. माझ्या चुलतभावाला दुसऱ्या डोसनंतर छातीत दुखायला लागलं, परदेशात होता, हृदयाला सूज सांगितली. बरा झाला. पण घरात तेव्हापासून लस म्हटलं की सगळे गप्प होतात.

खडीसाखर | सोमवार, दुपारी १२.१०

भीमथडी, राग कसला, हे विचारलंच पाहिजे. भाऊ आता ठीक आहे ना?

सूक्ष्मकण | सोमवार, रात्री ९.३०

भीमथडी दादा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्याच सांगते.

भावाला जे झालं ते खरं आहे, त्याला नाव आहे. एमआरएनए लशीनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, तरुण मुलग्यांमध्ये जास्त आणि बहुतेकदा दुसऱ्या डोसनंतर. बहुतेक जण बरे होतात. त्याचं दुखणं मनाचे खेळ म्हणून कुणी उडवून लावलं असेल तर ते चूक होतं.

डीएनएचं म्हणाल तर वाहन एक असलं तरी आतला माल निराळा. लशीतला एमआरएनए ही प्रथिन कसं बनवायचं त्याची चिठ्ठी. ती पेशीतल्या द्रवात वाचली जाते, डीएनए असतो त्या केंद्रकात जावं लागत नाही, आणि काही दिवसांत तिचे तुकडे होतात. दुरुस्तीच्या औषधात त्या चिठ्ठीवरून डीएनएची अक्षरं बदलणारं विकर बनतं, आणि कुठे बदलायचं ते दाखवणारा दुसरा आरएनए सोबत द्यावा लागतो. लशीत हे दोन्ही नसतं. २०२२ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या शास्त्रज्ञांना यकृताच्या कर्करोगाच्या बशीतल्या पेशींमध्ये लशीच्या आरएनएची डीएनए प्रत झालेली दिसली, त्यावर खूप चर्चा झाली. ती प्रत पेशीच्या डीएनएत जाऊन बसल्याचं मात्र त्यात दाखवलेलं नाही.

दुरुस्तीच्या औषधांना धोका आहे, तोही लपवत नाही. ट्रान्सथायरेटिनच्याच आजारासाठी कणांतून क्रिस्पर, म्हणजे जनुक कापणारी कात्री, देण्याच्या मोठ्या चाचण्या ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवाव्या लागल्या, एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाली म्हणून.

टोरंटोची_सिस्टर | सोमवार, रात्री ११.५५

हे वाचून राहवलं नाही. मी इथे एका इन्फ्युजन क्लिनिकमध्ये नर्स आहे, पॅटिसिरान माझ्या हातांनी दिलं आहे. दर तीन आठवड्यांनी रुग्ण येतो. तासभर आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीची औषधं द्यायची, कारण कणांनी अंगाला प्रतिक्रिया येऊ शकते. बाटलीतला द्राव दुधी असतो. तो आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ओढून घ्यायचा, सलाइनच्या नळ्याही ठराविक प्लास्टिकच्याच लागतात. पहिली पंधरा मिनिटं अगदी हळू सोडायचं आणि रुग्णाजवळून हलायचं नाही. मग वेग वाढवायचा. एकूण ऐंशी मिनिटं. शिवाय त्यांना रोज अ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी लागते, कारण औषध ज्या प्रथिनाला रोखतं तेच शरीरात अ जीवनसत्त्व वाहून नेतं.

एक गृहस्थ शर्टाची बटणं लावायला बायकोची मदत घ्यायचे. वर्षभराने मी एकदा खोलीत गेले तर ते स्वतः लावत होते. सावकाश, पण स्वतः. मला बघून म्हणाले, थांब, शेवटचं राहिलंय.

आता मात्र आमचे बरेच रुग्ण तीन महिन्यांतून एकदा पोटाच्या त्वचेखाली घ्यायच्या इंजेक्शनकडे वळले. त्यात कण नाहीत म्हणे?

सूक्ष्मकण | मंगळवार, सकाळी ७.४५

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आम्ही बाटलीपर्यंतच बघतो, बटण आम्हाला कधी दिसत नाही.

बरोबर, व्हुट्रिसिरानमध्ये कण नाहीत. छोट्या आरएनएला रासायनिकदृष्ट्या टणक केलं आणि त्याला एक साखर जोडली, जी यकृताच्या पेशी ओळखून आत घेतात. छोटा आरएनए आणि यकृत, एवढंच काम असेल तर आमच्या कणाची आता गरज नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण एमआरएनए त्यापेक्षा कितीतरी लांब आणि नाजूक. त्याला कणाचा निवारा लागतोच.

यकृताचा विषय निघालाच आहे तर सांगते. शिरेत सोडलेले कण यकृतातच का जातात? रक्तात शिरले की त्यांच्यावर अपोई नावाचं प्रथिन येऊन बसतं, तेच जे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवर असतं. यकृताला वाटतं नेहमीचीच चरबी आली, आणि ते दार उघडतं. यकृताच्या आजारांसाठी हे वरदान. फुप्फुस, मेंदू, स्नायू, अस्थिमज्जा यांच्यासाठी हीच मोठी अडचण. २०२० मध्ये टेक्सासमधल्या डॅनियल सीगवर्ट यांच्या गटाने दाखवलं की चार चरबींमध्ये पाचवी घातली तर उंदरांत कण दुसरीकडे वळतात: धनभारित घातली तर फुप्फुसात, ऋणभारित घातली तर प्लीहेत. आमच्याकडे सध्या रोज त्याच पाचवीच्या मागे धावणं चालू आहे.

देवराई | मंगळवार, दुपारी २.००

थोडं अवांतर. शेतीत याचा काही उपयोग?

सूक्ष्मकण | मंगळवार, रात्री ८.५०

आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २०१७ मध्ये चिकणमातीच्या अतिपातळ पापुद्र्यांवर दुहेरी आरएनए चिकटवून तंबाखूच्या पानांवर फवारला. नुसता फवारला तर काही दिवसांत जातो, पापुद्र्यांवरचा टिकला आणि विषाणूपासून सुमारे २० दिवस संरक्षण मिळालं. वेगळा धागा काढा, मी येईन.

वैनगंगा | मंगळवार, रात्री १०.३०

ताई, मी गडचिरोली जिल्ह्यातली. मोठ्या मुलाला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. एसएस, म्हणजे नुसता वाहक नाही, आजारीच. अकरा वर्षांचा आहे. थंडी पडली की त्याचे हातपाय इतके दुखतात की पांघरुणाचा स्पर्श चालत नाही. रात्रभर शेक देत बसते. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड चालू आहे, त्याने भरती व्हायची वेळ कमी झाली हे खरं. मागच्या महिन्यात एका माणसाने जनुकाचं इंजेक्शन मिळते, आठ लाखांत काम होते म्हणून सांगितलं. मिस्टर शेताचा तुकडा विकायचं म्हणत आहेत. तुमचा धागा पुतण्याने वाचून दाखवला. हे तुमचे कण त्याच्या आजारावर चालतात का? खरं काय ते सांगा जी.

सूक्ष्मकण | मंगळवार, रात्री ११.१५

वैनगंगाताई, आधी एकच: शेत विकू नका. आठ लाखांत सिकलसेलचं जनुक दुरुस्त करणारं इंजेक्शन आज कुठेही नाही. तो माणूस जे सांगतोय ते खोटं आहे. त्याने कागद दिला असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सिकलसेलच्या डॉक्टरांना दाखवा.

आता खरं काय आहे ते. सिकलसेलची चूक एका अक्षराची, पण ती अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत आहे, आणि आमचे कण यकृतात जातात. म्हणून आज जी उपचारपद्धती आहे तिच्यात कण वापरतच नाहीत. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये कॅसजेव्हीला परवानगी मिळाली. तिच्यात मूळ पेशी शरीराबाहेर काढतात, विजेच्या झटक्याने त्यांच्यात क्रिस्पर घालतात, मग जोरकस केमो देऊन जुनी मज्जा रिकामी करतात आणि दुरुस्त पेशी परत सोडतात. तिची किंमत २२ लाख डॉलर.

आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती यांच्या गटाने सिकलसेलसाठी स्वतःचं क्रिस्पर तंत्र उभं केलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून बिरसा १०१ असं नाव दिलं, आणि पुढच्या कामासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर करार झाला. खर्च खूप खाली आणायचा हेच त्यांचं उद्दिष्ट. ते अजून रुग्णालयात मिळत नाही.

आणि कण? २०२३ मध्ये पेन्सिल्वेनियाच्या शास्त्रज्ञांनी कणांच्या अंगावर मज्जेतल्या मूळ पेशी ओळखणारं प्रतिपिंड बसवलं. उंदरांमध्ये ते कण मज्जेत पोचले, आणि रुग्णांच्या पेशींवर बशीत वापरले तेव्हा सिकलची चूक दुरुस्त झाली. हे माणसात जमलं तर केमो नको, पेशी बाहेर काढणं नको, शिरेतून एक सलाइन. या कामाला मी चिकटून आहे त्याचं मोठं कारण हेच. पण आज ते उंदीर आणि बशी यांच्या पुढे गेलेलं नाही, आणि तुमच्या मुलाला त्याच्या भरवशावर ठेवणं मला पटणार नाही.

हायड्रॉक्सीयुरिया एकही दिवस चुकवू नका. थंडीत पाणी प्यायला लावा, मुलं टाळतात. ताप आला तर वाट न बघता दवाखान्यात न्या. आणि धाकटं भावंड असेल तर त्याची तपासणी झाली आहे का?

टोरंटोची_सिस्टर | बुधवार, पहाटे ४.४०

वैनगंगाताई, दुखण्याचा त्रास सुरू झाला की शेक ठीक, पण बर्फ कधीही लावू नका. त्याने रक्त जास्त अडकतं. आणि त्याला तोंडी सांगता येत नसेल तेव्हा शून्य ते दहात किती दुखतंय ते बोटांनी दाखवायला शिकवा. डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवायला त्याचा उपयोग होतो.

जुना_फार्मासिस्ट | बुधवार, सकाळी ९.१५

ताई, त्या माणसाने औषधाचं नाव किंवा बॅच नंबर असलेला काही कागद दिला असेल तर फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते, अर्ज लिहून देतो. व्यक्तिगत निरोप करा.

वैनगंगा | शुक्रवार, सायंकाळी ६.५०

सर्वांचे आभार. मिस्टरांना ताईंचा प्रतिसाद पुतण्याने दोनदा वाचून दाखवला. शेताचं आता थांबवलं. त्या माणसाचा फोन कालपासून लागत नाही, कार्ड मात्र आहे, काकांना फोटो पाठवते.

धाकटी सहा वर्षांची आहे, तिची फक्त सोल्युबिलिटी झाली होती अंगणवाडीत, पॉझिटिव्ह आली म्हणे, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस कुणी केलीच नाही. एएस, म्हणजे नुसती वाहक, आहे की एसएस ते माहीतच नाही. सोमवारी दोघांना घेऊन जिल्ह्याला जाते. पहिली एसटी सव्वासहाची आहे.